विश्लेषण : विमाने वाढली, पण कोल्हापूरच्या तरुणाला नोकरी कुठे?

उजळाईवाडीच्या विमानतळावर नवी टर्मिनल इमारत उभी राहिली, देशातील विमान कंपन्यांनी हजारावर नव्या विमानांची मागणी नोंदवली, नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. त्यामुळे बारावीनंतर ‘एव्हिएशन’ करावे का, हा प्रश्न आता कोल्हापूर, सांगलीच्या घराघरांत विचारला जातो. या उद्योगात नोकऱ्या वाढत आहेत हे खरे. पण त्या कोणत्या, कोणाच्या पटावर आणि कोणत्या शहरात, याचे उत्तर जाहिरातींत मिळत नाही.

एकाच उद्योगाची दोन चित्रे कोणती?

पहिले चित्र जुलै २०२४ मधले. मुंबईत कलिना येथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा २,२१६. काम प्रामुख्याने विमानात सामान चढवण्या-उतरवण्याचे, पगार महिना २० ते २५ हजार रुपयांच्या घरात आणि नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर. त्या दिवशी कलिन्यात २५ हजारांच्या आसपास उमेदवार आल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली, पदवी घेतलेली मुले त्या गर्दीत होती. चेंगराचेंगरी होईल की काय अशी स्थिती आल्यावर अर्ज जमा करून घरी जा, असे त्यांना सांगण्यात आले.

दुसरे चित्र डिसेंबर २०२५ मधले. देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारावर. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या वेळी करता येणाऱ्या विमान उतरवण्यांची संख्या सहावरून दोनवर आली. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, म्हणजे तयारीला पुरता अवधी होता. तरीही वेळापत्रक चालवण्यासाठी लागणारे वैमानिक कंपनीकडे नव्हते. अखेर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, या कंपनीपुरती तात्पुरती सवलत द्यावी लागली आणि पाठोपाठ तिच्या वेळापत्रकाला दहा टक्के कात्रीही लागली.

सामान उचलण्याच्या एका जागेमागे दहाहून अधिक उमेदवार आणि कॉकपिटमध्ये मात्र माणसे अपुरी, अशी ही स्थिती आहे. ‘विमान क्षेत्रात रोजगार वाढतो आहे’ हे वाक्य उच्चारताना या दोनपैकी कोणत्या रोजगाराबद्दल आपण बोलतो, हे आधी ठरवले पाहिजे.

एक विमान आले की किती नोकऱ्या येतात?

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७०, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० आणि आकासाने जानेवारी २०२४ मध्ये १५० विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने एकदम येत नाहीत, दशकभरात टप्प्याटप्प्याने येतात आणि काही जुन्या विमानांची जागा घेतात. इंडिगोचे कर्मचारी सुमारे ४१ हजार आणि विमाने चारशेहून अधिक, म्हणजे एका विमानामागे साधारण शंभर माणसे कंपनीच्या पटावर. त्यातील वैमानिक दहा ते चौदा. केबिन कर्मचाऱ्यांची किमान संख्या आसनांवरून ठरते: दर ५० आसनांमागे एक. १८० आसनी एअरबसमध्ये चार, ७६ आसनी एम्ब्रेअरमध्ये दोन, ५० आसनी विमानात एकच. कोल्हापुरातून २०१८ मध्ये उडालेल्या एअर डेक्कनच्या १९ आसनी विमानात हवाई सुंदरीची गरजच नव्हती. लहान शहरांना लहान विमाने मिळतात आणि लहान विमानांबरोबर नोकऱ्याही मोजक्याच येतात.

सरकारी उत्तरांत एक गुणक नेहमी सांगितला जातो. विमान क्षेत्रातील एका थेट नोकरीमागे सहाहून अधिक अप्रत्यक्ष नोकऱ्या तयार होतात, असा तो हिशेब आहे. त्यात टॅक्सीवाला येतो, हॉटेल येते, विमानतळाबाहेरचा चहाचा गाडाही येतो. हिशेब चुकीचा नाही. पण तो जगभरच्या विमानतळांचा आहे, आणि मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी जमणारी ही साखळी दिवसाला मोजकी विमाने येणाऱ्या ठिकाणी तशीच जमेल, असे मानायला आधार नाही.

वैमानिकांची टंचाई खरी की फुगवलेली?

येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्री सांगतात. त्यावर विसंबून अनेक पालक जमीन गहाण टाकण्यापर्यंत येतात. पण टंचाई आहे ती कॅप्टनची, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानावर पुरेसे तास उडवून कमांड मिळवलेल्या वैमानिकाची. नुकताच परवाना घेतलेला मुलगा त्या टंचाईचे उत्तर नसतो.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते. शिवाय डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय चाचणी द्यावी लागते. त्यानंतर ज्या विमानावर नोकरी करायची त्याचे वेगळे प्रशिक्षण, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, स्वखर्चाने घ्यावे लागते. सगळे मिळून खर्च कोटीच्या घरात जातो. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ परवाने दिले आणि तो तेव्हाचा उच्चांक होता. त्यातल्या प्रत्येकाला लगेच उजव्या खुर्चीत जागा मिळाली, असे मात्र नाही. परवाना हातात, कर्जाचा हप्ता सुरू आणि कंपन्यांच्या भरतीची वाट पाहणे चालू, अशी मुले प्रत्येक तुकडीत असतात. परवाना जिवंत ठेवायलाही उडावे लागते आणि त्याचेही पैसे पडतात.

प्रशिक्षणाची सोय जवळ आली आहे, हे चांगले. बारामती, गोंदिया, जळगाव येथे संस्था आहेत. विमानतळ प्राधिकरणाने बेळगावची जागाही यासाठी दिली. अमरावतीत एअर इंडियाची अकादमी वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याच्या बेताने उभी राहते आहे. एक गोष्ट मात्र अभिमानाने नोंदवायला हवी. भारतातील वैमानिकांत महिलांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, तर जगाची सरासरी पाच-सहा टक्क्यांवरच आहे.

जमिनीवरच्या नोकऱ्या कोणाच्या पटावर?

उद्योगातली खरी संख्या इथे आहे आणि अस्थिरताही. विमानाजवळ ट्रॉली ओढणारा, चेक-इनच्या काउंटरवर बसलेली मुलगी, केबिन झाडणारा, शिडी लावणारा यांच्या अंगावरचा गणवेश पाहून प्रवाशाला ते विमान कंपनीचे वाटतात. प्रत्यक्षात बरेच जण ‘ग्राउंड हँडलिंग’ करणाऱ्या कंपनीचे आणि काही तर तिच्याही खालच्या कंत्राटदाराचे असतात.

याचा अर्थ मे २०२५ मध्ये एका दिवसात कळला. तुर्की कंपनी सेलेबीची सुरक्षा मंजुरी केंद्राने १५ मे रोजी रद्द केली. मुंबईसह नऊ विमानतळांवर तिचे काम होते आणि माणसे दहा हजारांच्या आसपास. निर्णय राष्ट्रीय सुरक्षेचा म्हणून घेतला गेला. कामगारांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता, तरी सकाळी कामावर गेलेल्यांना संध्याकाळी आपला मालक कोण हे माहीत नव्हते. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी काम आणि कर्मचारी सामावून घेतले, पण सामावले जाणे हा त्यांचा हक्क नव्हता. ती प्रशासनाने केलेली सोय होती. अशा वेळी जुन्या नोकरीची ज्येष्ठता, ग्रॅच्युइटीची वर्षे, रजा यांचे काय होते, हा प्रश्न बातमीच्या दुसऱ्या दिवशी मागे पडतो.

कायम नोकऱ्याही फार सुरक्षित होत्या असे नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. जेटमध्ये सुमारे वीस हजार माणसे होती. ती कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, म्हणजे थकीत पगाराची आशा साडेपाच वर्षे लोंबकळत राहिली. साखर कारखाना बंद पडला की काय होते हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की कारखान्याची चिमणी गावातच असते, विमान मात्र भाडेपट्ट्याने देणारा परदेशी मालक घेऊन जातो.

मालवाहतुकीतून किती आशा धरावी?

करोनाच्या काळात प्रवासी विमाने जमिनीवर असताना मालवाहू विमाने उडत होती. २०२० च्या जुलैमध्ये इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी केले, त्याच सुमारास कंपन्या प्रवाशांच्या आसनांवर खोकी बांधून माल नेत होत्या. तेव्हापासून ‘कार्गो’ हा शब्द प्रत्येक विमानतळाच्या आराखड्यात आला. भारतातील स्वतंत्र मालवाहू ताफा मात्र तुटपुंजा आहे. ब्लू डार्टची आठ विमाने आणि इतर मोजकी. अमेरिकेत एकट्या फेडेक्सकडे शेकडो आहेत. आपला बहुतेक हवाई माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो.

कोल्हापूरच्या दृष्टीने नेमकी अडचण इथेच आहे. एटीआर किंवा एम्ब्रेअरच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा ठेवल्यावर फारशी जागा उरत नाही. आपला माल काय, तेही पाहायला हवे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले कास्टिंग विमानाने जाणार नाही, गूळही नाही. हुपरीची चांदी, शिरोळ भागातील हरितगृहांतील फुले, महागडी कोल्हापुरी चप्पल हा वजनाने हलका आणि किमतीने भारी माल जाऊ शकतो. २०२५ मध्ये इटलीच्या प्रादाने कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणल्यावर गदारोळ झाला आणि जगात तिला किती किंमत मिळू शकते हेही दिसले. पण असा माल आज ट्रकने मुंबईला गेला तरी एका रात्रीत पोहोचतो. इथून उडवण्यासाठी तपासणी यंत्रे, शीतगृह, सीमाशुल्काची सोय आणि रोजचा ठरावीक माल लागतो. यातली एक गोष्ट नसली तरी उरलेल्यांना अर्थ राहत नाही.

त्यामुळे मालवाहतुकीतील नोकऱ्या पुढची काही वर्षे सहार आणि नवी मुंबईतच वाढणार. नवी मुंबई विमानतळाची पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि पाच लाख टन माल अशी आहे, आणि अखेरची नऊ कोटी प्रवासी व साडेबत्तीस लाख टन माल. गोदाम, फोर्कलिफ्ट, तपासणी, कस्टम्सची कागदपत्रे ही कामे तिथे उभी राहतील. वाशीचा भाजीपाला बाजार आणि माथाडी कामगार यांच्यामुळे घाटावरच्या माणसाला ही वाट नवी नाही. माथाडींसाठी १९६९ चा कायदा होता, मंडळ होते. विमानतळाच्या गोदामात हमालीच करणाऱ्या कंत्राटी ‘हँडीमॅन’ला त्यातले काय मिळणार, हा प्रश्न नवी मुंबईत आताच विचारायला हवा.

कोल्हापूरचा अनुभव काय सांगतो?

या विमानतळाचे मूळ संस्थानकाळातले, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतले. देशातील फार थोड्या शहरांकडे तेव्हा धावपट्टी होती. एवढा वारसा असून नियमित विमान मात्र येत-जात राहिले. किंगफिशरची मुंबई सेवा २०११ च्या सुमारास बंद पडली आणि पुढे सहा-सात वर्षे उजळाईवाडीत प्रवासी विमानाची नियमित सेवाच नव्हती. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनने मुंबई सेवा सुरू केली. ती रडतखडत चालली, आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. मधल्या काळात ट्रूजेट आली, २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीही थांबली. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या हैदराबाद-बेंगळुरूच्या सेवांनी विमानतळ जिवंत ठेवला. मुंबईचे विमान पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्टार एअरचे.

हे केवळ कोल्हापूरचे दुर्दैव नव्हे. ‘उडान’मध्ये कंपनीला मिळणारी तुटीची भरपाई तीन वर्षांपुरती असते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकलेले मार्ग होते फक्त ५४. मार्ग बंद झाला की विमान दुसरीकडे जाते, वैमानिकही जातो. पण काउंटरवरची स्थानिक मुलगी, लोडर, विमानतळावर टॅक्सी लावण्यासाठी कर्ज काढलेला चालक यांना दुसरीकडे जाता येत नाही. टर्मिनलचा कोनशिला समारंभ होतो, मार्ग बंद पडल्याचा दिवस कोणी साजरा करत नाही, म्हणून या माणसांची मोजदादही होत नाही.

१० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. गर्दीच्या तासाला ५०० प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. पूर्वीची १,३७० मीटरची धावपट्टी वाढवण्यात आली, ती २,३०० मीटरपर्यंत नेण्यासाठी गडमुडशिंगीची जमीन घेण्याचा विषय पुढे आला. मोठी धावपट्टी म्हणजे एअरबस, एअरबस म्हणजे अधिक माणसे, हे गणित बरोबर आहे. पण ते अपुरे आहे.

अपुरे का? मुक्काम कुठे, यावर सगळे अवलंबून

कोल्हापूरच्या उद्योगसमूहाने काढलेल्या विमान कंपनीकडेच पाहा. स्टार एअर ही घोडावत समूहाची. जानेवारी २०१९ मध्ये तिचे पहिले व्यावसायिक उड्डाण झाले ते बेंगळुरू-हुबळी आणि तिचा मुख्य तळही बेंगळुरूलाच आहे. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. विमान रात्री जिथे मुक्कामाला असते तिथे त्याची देखभाल होते, तिथेच अभियंते राहतात, वैमानिक आणि केबिन कर्मचारी घरे घेतात, सुट्या भागांचे गोदाम असते. जिथे ते वीस-पंचवीस मिनिटे थांबून परत जाते तिथे लागतात ती शिडी, ट्रॉली, काउंटर आणि सुरक्षा एवढ्यापुरती माणसे. एसटीचा डेपो आणि एसटीचा थांबा यात जो फरक, तोच इथे.

त्यामुळे लोकप्रतिनिधींनी ‘अमुक शहराला विमान सुरू करा’ या मागणीइतक्याच जोराने ‘एक-दोन विमाने रात्री इथे ठेवा’ ही मागणी लावून धरली पाहिजे. रात्री थांबणाऱ्या विमानामुळे सकाळी लवकर मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या उद्योजकाची सोय होईल, हा वरचा फायदा. मुक्कामासाठी पार्किंग, इंधन, हँगर आणि परवानाधारक अभियंता लागतो. त्यातला शेवटचा घटक तयार करण्याची ताकद या भागात आहे, असे आमचे मत आहे.

दुरुस्ती करणारा कुठून येणार?

विमान देखभाल अभियंत्याचा, म्हणजे एएमईचा, परवाना डीजीसीए देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव अशी ती वाट आहे. वैमानिकाच्या काही अंश खर्चात ती पुरी होते आणि त्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही. लेथ, साचे, मोजमाप, मायक्रोमीटर यांच्यात चार पिढ्या वाढलेल्या कोल्हापूरला हे काम परके नाही. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि ते पुणे-बेंगळुरू महामार्गावर आपल्याकडून दीड-दोन तासांवर आहे. गडहिंग्लज-चंदगडची मुले सैन्यात जातात तशी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतही जातात. हे धागे जोडणारी संस्था मात्र इकडे दिसत नाही.

दुसरी दुर्लक्षित वाट हवाई वाहतूक नियंत्रकाची. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेला किंवा अभियंता उमेदवार, वय २७ पर्यंत (राखीव प्रवर्गांना सवलत). २०२५ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने या पदाच्या ३०९ जागा काढल्या होत्या. नोकरी सरकारी आणि पगार चांगला. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ही जाहिरात ठाऊक असते? बँकेच्या परीक्षेचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, याचे नाहीत.

उलट गल्लोगल्ली दिसतात ते ‘एअर होस्टेस’, ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ यांचे सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम. इंग्रजी बोलणे, नीटनेटके राहणे एवढे त्यातून मिळत असेल तर ठीक. पण ग्राउंड स्टाफच्या नोकरीला अशा पदविकेची सक्ती नसते आणि केबिन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कंपनी निवड झाल्यावर देते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांमागे अनेकदा कंत्राटदाराकडची पंधरा-अठरा हजारांची नोकरी असते, तीही हैदराबाद किंवा बेंगळुरूला, जिथे खोलीभाड्यातच अर्धा पगार जातो. नोकरी लावतो म्हणून आधी ‘डिपॉझिट’ मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजावा. विमान कंपन्या आणि प्राधिकरण वारंवार असा इशारा देत असतात.

आकडे कोण ठेवतो?

अमेरिकेत वाहतूक खात्याचा सांख्यिकी विभाग दर महिन्याला विमान कंपन्यांचा रोजगार जाहीर करतो. प्रवासी कंपन्या वेगळ्या, मालवाहू वेगळ्या, पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, कोणत्या कंपनीने किती कमी केले, हे सगळे त्यात असते. करोनात नोकऱ्या कधी बुडाल्या आणि कधी परत आल्या हे तिथे महिन्यागणिक सांगता येते. आपल्याकडे डीजीसीएचा मासिक अहवाल निघतो. त्यात किती प्रवासी, किती विमाने वेळेवर, किती उड्डाणे रद्द, किती तक्रारी हे नेमाने येते. त्या महिन्यात किती माणसे कामावर होती, हा रकाना त्यात नाही. विमान कंपनीच्या पटावर नसलेला कंत्राटी कामगार तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हा रकाना सुरू करायला कायदा बदलावा लागत नाही. विमानतळात प्रवेशासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला सुरक्षा ओळखपत्र लागते, मग तो कोणाचाही असो. कोल्हापूरच्या विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद कुठेतरी आहेच. ती माणसे किती, त्यातली जिल्ह्यातली किती, कायम किती, एवढे तीन आकडे विमानतळ सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीत मांडायला कोणाची हरकत असू नये. जमीन देणाऱ्या गावांना ते विचारण्याचा पहिला अधिकार आहे.

राज्य सरकारचाही यात भाग आहे. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत ओबीसी विद्यार्थ्यांना वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना आखली. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरात २०२१ पासून आहे. एका वैमानिकावर जेवढा खर्च येतो तेवढ्यात कितीतरी एएमई घडतात, आणि अनुभव मिळाल्यावर त्यांना देशात-परदेशात मागणी आहे. एएमईसाठी शिष्यवृत्ती, हवाई वाहतूक नियंत्रक परीक्षेचा मार्गदर्शन वर्ग आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक संघटनेच्या मदतीने एक मान्यताप्राप्त संस्था, एवढे पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आत ठरवता येण्यासारखे आहे. बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात आणि खासगी संस्थांचे फलक त्याआधीच लागलेले असतात.